दुखत नाही म्हणून थांबू नका : डोळ्यांच्या तक्रारी आणि डॉक्टरकडे जाण्याची वेळ

(जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन आहे. बोलण्यातला सूर शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न दिले आहेत.)



डोळ्यांच्या डॉक्टरांचं भाषण म्हटलं की लोकांना वाटतं, आता गाजर खा, पालक खा, मोबाईल कमी बघा, असं काहीतरी ऐकायला मिळणार. मोबाईलचं शेवटी बोलूच. पण आजचा विषय त्याहून साधा आहे. डोळ्यांना काही झालं तर दवाखान्यात कधी जायचं? आत्ताच्या आत्ता, आज, की पुढच्या आठवड्यात गेलं तरी चालेल? एवढा एक प्रश्न नीट सोडवला तर बरीच नजर वाचते, हा माझा रोजचा अनुभव आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक शिक्षक आले होते. वय ५२. लहानपणापासून मोठ्या नंबरचा, उणे आठचा चष्मा. गणपती बसायच्या आदल्या रात्री त्यांना उजव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं दिसलं. पावसाळ्याचे दिवस, खरंच वीज चमकली असेल असं वाटून त्यांनी सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी त्याच डोळ्यासमोर काजळी उडाल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसायला लागले. चौथ्या दिवशी खालून, नाकाच्या बाजूनं, एक राखाडी सावली वर चढू लागली. घरात गौरी-गणपती, पाहुण्यांची ये-जा. ते म्हणाले, विसर्जन झालं की दाखवू. आले ते अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी.

तोपर्यंत डोळ्याचा पडदा मध्यभागापर्यंत सुटला होता. शस्त्रक्रिया झाली, पडदा पुन्हा बसला, पण पहिली नजर काही परत आली नाही. फळ्यावर मारलेली सरळ रेघ त्यांना त्या डोळ्यानं मधेच वाकडी दिसते. तपासणीच्या खुर्चीत बसून ते मला म्हणाले होते, "डॉक्टर, दुखलं असतं तर पहिल्याच दिवशी आलो असतो."

त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आपण सगळे असंच वागतो. दात दुखला की डेंटिस्ट, पोट दुखलं की डॉक्टर. दुखणं हीच आपली घंटा. डोळ्याच्या बाबतीत मात्र ही घंटा पुष्कळदा वाजतच नाही. ती का वाजत नाही, ते आधी समजून घेऊ.

डोळ्यात कुठं दुखतं आणि कुठं दुखत नाही

डोळ्याच्या अगदी समोर, बुबुळावर, घड्याळाच्या काचेसारखं एक पारदर्शक आवरण असतं. त्याला कॉर्निया म्हणतात. शरीरात सगळ्यात दाट संवेदना असलेल्या जागांपैकी ही एक. म्हणून धुळीचा कण गेला, पापणीचा केस घासला, की माणूस बेजार होतो. एवढ्याशा कणानं प्राण कासावीस होतात, आणि तो कण निघाला की पाच मिनिटांत सगळं ठीक.

त्याच डोळ्याच्या मागच्या बाजूला दृष्टिपटल असतं, ज्याला आपण पडदा म्हणतो. कॅमेऱ्यातल्या फिल्मसारखं त्याचं काम. या पडद्याला वेदनेच्या नसाच नाहीत. तो फाटला, सुटला, त्याच्यात रक्त उतरलं, तरी दुखत नाही. भिंगाला नाहीत, म्हणून मोतीबिंदू दुखत नाही. मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टीच्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. काचबिंदूत ते एकेक करून मरतात, तेही न दुखता.

म्हणजे हिशोब असा. डोळा खुपतो, खाजतो, चिपडं येतात, तेव्हा आपण धावतो, आणि त्यातल्या बऱ्याच तक्रारी साध्या असतात. नजर जी कायमची जाते, ती पुष्कळदा न दुखता जाते.

एक डोळा दुसऱ्याला सांभाळून घेतो

दुसरी अडचण म्हणजे आपल्याला डोळे दोन आहेत. एक डोळा कमजोर झाला की दुसरा त्याचं काम उचलतो, आणि मेंदू आपल्याला पत्ताच लागू देत नाही. हे खोटं वाटत असेल तर एक प्रयोग करू. वाचताय तिथं तुम्हालाही करता येईल.

दोन्ही हात डोळ्यांच्या उंचीवर समोर ताठ धरा. मुठी मिटा, अंगठे वर करा, अंगठे एकमेकांना चिकटवा. आता डावा डोळा मिटा. उजव्या डोळ्यानं फक्त डाव्या अंगठ्याकडे बघत राहा. नजर हलवायची नाही. आता उजवा हात हळूहळू उजवीकडे सरकवा. साधारण पाऊण वीत अंतर झालं की उजव्या अंगठ्याचं टोक गायब होतं. आणखी सरकवलं की परत दिसतं.

दिसलं का? म्हणजे, दिसेनासं झालं का? पडद्यावर जिथून दृष्टीची नस बाहेर पडते, तिथं प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात. हा आंधळा बिंदू प्रत्येकाला जन्मापासून असतो. मग रोज आपल्याला समोर एक भोक का दिसत नाही? कारण दुसरा डोळा ती जागा भरतो, आणि एकच डोळा उघडा असला तर मेंदू आजूबाजूचं बघून अंदाजानं भरतो.

हीच सोय काचबिंदूत आपला घात करते. कडेची नजर कमी होत जाते, मेंदू ती भरत जातो. समोरची अक्षरं अगदी ६/६ वाचता येतात, म्हणजे नेहमीच्या निरोगी माणसाला सहा मीटरवरून जेवढं दिसायला हवं तेवढं दिसतं. माणूस म्हणतो, माझे डोळे उत्तम आहेत. मग एक दिवस जिन्याची पायरी चुकते, किंवा बाजूनं आलेली मोटरसायकल दिसत नाही.

आमच्याकडे येणारे कितीतरी जण सांगतात, "काल उजव्या डोळ्यात कुसळ गेलं, म्हणून तो चोळत होतो, तर लक्षात आलं की डाव्यानं काहीच दिसत नाही." डावा कधी गेला, सांगता येत नाही. कुसळ गेलं म्हणून कळलं तरी.

म्हणून आजची पहिली गोष्ट लिहून ठेवा : नजर तपासायची ती एकेक डोळा झाकून. तळहातानं झाका, बोटांनी दाबू नका. चष्मा असेल तर चष्मा लावून बघा.

आता घड्याळाकडे वळू.

पहिला वर्ग : डॉक्टरकडे जायच्या आधी, याच मिनिटाला

डोळ्यात रसायन जाणं. आपल्याकडे सगळ्यात जास्त भीती चुन्याची. तंबाखूबरोबरची चुन्याची पुडी किंवा ट्यूब लहान मूल दाबतं आणि पिचकारी थेट डोळ्यात. रंगकाम करताना भिंतीचा चुना उडतो. बॅटरीचं ॲसिड, संडास साफ करायचं लिक्विड, हेही त्यातच आलं. चुना ॲसिडपेक्षा वाईट, कारण तो वरच्या वर थांबत नाही, आत आत शिरत जातो.

काय करायचं? पाणी. नळाखाली, तांब्यानं, बाटलीनं, जे स्वच्छ पाणी मिळेल त्यानं डोळा उघडा धरून निदान वीस ते तीस मिनिटं धुवायचा. पापणी उलटी करून चुन्याचे कण दिसले तर ओल्या स्वच्छ कापडानं किंवा कापसानं पुसून काढायचे. तूप, दूध, लिंबाचा रस काहीही घालायचं नाही. आधी धुवायचं, मगच गाडी काढायची. दवाखाना गाठण्यात गेलेला अर्धा तास आणि नळाखाली घालवलेला अर्धा तास, या दोन्हींत फरक डोळा राहण्या-न राहण्याचा असू शकतो.

याच्या उलट, छिन्नी-हातोड्याचं काम करताना लोखंडाचा तुकडा उडून डोळ्यात घुसला, फटाका फुटला, काचेनं कापलं, तर धुवायचं नाही, दाबायचं नाही, घुसलेलं काही काढायचं नाही. डोळ्यावर कागदी कप किंवा छोटी वाटी पालथी ठेवून, चिकटपट्टीनं बसवून, तसंच डॉक्टरकडे न्यायचं.

दुसरा वर्ग : आजच, रविवार असला तरी

एका डोळ्याची नजर अचानक जाणं. न दुखता, दिवा मालवल्यासारखी. पडद्याची रक्तवाहिनी बंद पडली तर हे होतं. मेंदूला पक्षाघाताचा झटका येतो तसा हा डोळ्याचा झटका आहे. हातात काही तासच असतात, म्हणून थेट मोठ्या रुग्णालयात जायचं. यात फसवणारा एक प्रकार आहे : नजर जाते आणि पाच-दहा मिनिटांत परत येते. माणूस म्हणतो, चला, बरं झालं. ते बरं झालेलं नसतं. मानेच्या रक्तवाहिनीतून एखादी गुठळी निसटून पुढं गेलेली असू शकते, आणि पुढची मेंदूत जाऊ शकते. परत आलेली नजर हीसुद्धा त्याच दिवशी दाखवायची गोष्ट आहे.

अचानक एकाचे दोन दिसणं, त्याबरोबर पापणी खाली पडणं, एक बाहुली मोठी होणं, बोलताना जीभ अडखळणं. हे मेंदूचं दुखणं असू शकतं. तिथं चष्म्याच्या दुकानात जाऊ नका.

मग आपल्या शिक्षकांची गोष्ट. आपल्या डोळ्यात पारदर्शक जेलीसारखा पदार्थ भरलेला असतो. वय वाढलं की तो आकसतो आणि पडद्यापासून सुटतो. सुटताना पडद्याला ओढ बसते, तेव्हा चमक दिसते. त्यातले तंतू डोळ्यांसमोर चिलटांसारखे, केसांसारखे, कोळ्याच्या जाळ्यासारखे तरंगतात. पन्नाशी-साठीनंतर हे खूप जणांना होतं आणि बहुतेकांचं काहीही बिघडत नाही. पण अशी नवी लक्षणं घेऊन आलेल्या शंभर जणांत दहा-पंधरा जणांच्या पडद्याला ओढीनं छोटी फाट पडलेली सापडते. त्या फाटीतून पाणी मागे शिरलं की पडदा भिंतीवरच्या ओल्या रंगासारखा सुटत जातो.

फाट असतानाच सापडली तर बाहेरच्या बाहेर, थोड्या वेळात, लेसरनं सील करता येते. पडदा सुटला की मोठी शस्त्रक्रिया लागते, आणि मध्यभाग सुटला की शस्त्रक्रिया छान होऊनही नजर पूर्ण येईल याची खात्री देता येत नाही. १९२० च्या दशकापर्यंत यावर इलाजच नव्हता. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे डॉ. ज्यूल्स गोनँ यांनी दाखवून दिलं की पडदा सुटतो तो फाटीमुळं, आणि फाट बंद केली तर तो बसतो. आजचे सगळे उपचार त्याच तत्त्वावर चालतात.

वर्षानुवर्षं दिसणारा एखादा ठिपका असेल तर घाबरू नका. पण ठिपके नवे असतील, एकदम खूप वाढले असतील, सोबत चमक असेल, किंवा कडेनं सावली किंवा पडदा येतोय असं वाटत असेल, तर त्याच दिवशी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. ज्यांचा उणे नंबर मोठा आहे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, डोळ्याला मार लागला आहे किंवा घरात कुणाचा पडदा सुटला आहे, त्यांनी तर अजिबात थांबू नये.

आणि आता लाल डोळा.

लाल डोळा : तीन प्रश्न

कधी कधी सकाळी उठून आरशात बघावं तर डोळ्याच्या पांढऱ्या भागावर रक्ताचा लालभडक डाग. घरचे घाबरतात. खोकल्यानं, शिंकेनं, जोर लावल्यानं बारीक रक्तवाहिनी फुटते, एवढंच. दुखत नाही, नजर नीट असते, दोन आठवड्यांत आपोआप जातो. रक्तदाब मात्र तपासून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना कळवा, आपल्या मनानं ती बंद करू नका.

डोळे येणं सगळ्यांना माहीत आहे. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात मोठी साथ आली होती. लाली, पाणी, चिपडं, खुपणं, एकाचं दुसऱ्या डोळ्यात आणि एकाकडून घरभर. विषाणूंमुळं आलेले डोळे आठवडा-दोन आठवड्यांत बहुधा आपोआप बरे होतात. हात धुवा, टॉवेल आणि उशी वेगळी ठेवा. समोरच्याच्या डोळ्यांत नुसतं बघितल्यानं डोळे येत नाहीत. ते हातांनी येतात.

मग घाबरायचं कधी? लाल डोळा असला की स्वतःला तीन प्रश्न विचारा. नजर कमी झाली का? खुपणं नाही, खोल ठणका आहे का? उजेड सहन होत नाही का? यातल्या एकाचंही उत्तर हो असेल, तर त्याला 'डोळे आलेत' म्हणायचं नाही. त्याच दिवशी दाखवायचं.

यातून दोन आजार सापडतात. पहिला शेतातला. उसाचं पातं, भाताचं कुसळ, झाडाची फांदी डोळ्याला लागते. सुरुवातीला थोडं खुपतं. चार-आठ दिवसांनी डोळा लाल होतो, ठणकतो, बुबुळावर पांढरट डाग दिसतो. ती बुबुळाची जखम असते आणि तिच्यात पुष्कळदा बुरशी वाढलेली असते. अशा वेळी मेडिकलमधून आणलेले स्टेरॉइडचे थेंब घातले तर एक-दोन दिवस लाली कमी होते, बरं वाटतं, आणि आत बुरशी जोमानं पसरते. बुबुळावर कायमचं फूल पडतं, क्वचित डोळाही जातो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांचंही तसंच : डोळा लाल झाला, दुखला, की लेन्स काढून ठेवा आणि त्याच दिवशी या.

दुसरा आजार रात्रीचा. पन्नाशीच्या पुढच्या एखाद्या बाईंचं अर्धं डोकं भयंकर दुखायला लागतं, उलट्या होतात. घरचे म्हणतात, पित्त झालंय, अर्धशिशी आहे. पित्ताची गोळी देतात, दिवा मालवून झोपवतात. पण डोळ्याकडे कुणी बघितलेलं नसतं. तो लाल असतो, धुरकट दिसत असतं, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी दिसत असतात. हा काचबिंदूचा अचानक आलेला झटका. डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट बंद होते आणि दाब एकदम चढतो. नेहमीचा दाब दहा ते एकवीसच्या दरम्यान असतो, इथं तो चाळीस-पन्नासच्याही वर जातो. अंधारात बाहुली मोठी होते, म्हणून दिवा मालवल्यानं फायदा तर होत नाहीच. वेळेवर औषधं आणि लेसर मिळालं तर नजर वाचते. सकाळपर्यंत थांबलं तर सांगता येत नाही. तेव्हा डोकेदुखी आणि उलट्या असतील, तर टॉर्च घेऊन एकदा डोळाही बघा.

तिसरा वर्ग : या आठवड्यात

एक डोळा झाकला असता खिडकीचे गज किंवा वहीच्या ओळी मधेच वाकड्या दिसणं, वाचताना मधली अक्षरं पुसल्यासारखी होणं. पडद्याच्या मध्यबिंदूला सूज किंवा रक्त असू शकतं. वयामुळं आणि मधुमेहामुळं होतं, आणि आज त्यावर डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत, पण लवकर आलं तर.

लहान मुलाच्या बाहुलीत पांढरी चमक. मोबाईलच्या फ्लॅशनं फोटो काढला, एका डोळ्याची बाहुली लाल आणि दुसऱ्याची पांढरी आली, तर फोटो घेऊन डॉक्टरकडे जा. कधी तो जन्मजात मोतीबिंदू असतो, कधी डोळ्यातला कर्करोग. लवकर सापडला तर मूल वाचतं, आणि पुष्कळदा डोळाही.

तिरळेपणा. बाळाचे डोळे पहिल्या तीन-चार महिन्यांत अधूनमधून इकडेतिकडे होतात, ते चालतं. त्यानंतर नाही. तिरळं मूल नशीबवान असतं, असं काही घरांत अजून म्हणतात. नशीब राहू द्या, त्या डोळ्याचा मेंदूशी संबंध तुटत जातो आणि तो मंद होतो. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले तर छान सुधारतो, नंतर अवघड जातं.

आणि दिवस भरायच्या आधी जन्मलेलं बाळ. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल, तर जन्मापासून तीस दिवसांच्या आत त्याचा पडदा तपासलाच पाहिजे. बाळ काही सांगणार नाही, आणि बाहेरून डोळे सुंदर दिसत असतात.

चौथा वर्ग : काही होत नसलं तरी, वर्षातून एकदा

मधुमेह असेल तर दर वर्षी पडदा तपासायचा. प्रौढ वयात मधुमेह निघाला की त्याच वेळी पहिली तपासणी, कारण तो कळायच्या आधी काही वर्षं शरीरात असू शकतो. पडद्यावर रक्ताचे ठिपके पडलेले असतात आणि नजर मात्र उत्तम असते. धूसर दिसायला लागेपर्यंत आजार बराच पुढं गेलेला असतो.

आई-वडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असेल, तर चाळिशीनंतर दर वर्षी. दमा, त्वचा, सांधे यांसाठी स्टेरॉइड चालू असेल तरी. बाकीच्यांनीही चाळिशीचा चष्मा घ्यायच्या निमित्तानं एकदा डोळ्याचा दाब आणि मागची नस तपासून घ्यावी. चष्म्याच्या दुकानात नंबर काढणं ही गरजेची गोष्ट आहे, पण तेवढ्यानं डोळे तपासले असं होत नाही.

आणि एक गंमत. साठी-सत्तरीचे आजोबा आनंदानं सांगतात, "बघा, आता मला चष्म्याशिवाय पेपर वाचता येतो, नजर सुधारली!" भिंगाचा गाभा घट्ट होऊन मोतीबिंदू सुरू झाला की जवळचं काही काळ चष्म्याशिवाय दिसतं. लांबचं मात्र तेव्हाच अंधूक झालेलं असतं. घाई नाही, पण दाखवून या.

दवाखान्यात जाताना

कोणत्या डोळ्याला, कधीपासून, अचानक की हळूहळू, हे ठरवून जा. चालू औषधांची यादी, जुने चष्मे, वापरलेल्या थेंबांची बाटली सोबत न्या. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड झोंबतो, म्हणून स्वतः गाडी चालवत जाऊ नका. खासगी डॉक्टर परवडत नसतील तर जिल्हा रुग्णालयात नेत्रविभाग असतो. आणि चिठ्ठी घेणाऱ्यांना स्पष्ट सांगा : "नजर अचानक कमी झाली आहे." 'डोळ्याची तक्रार' एवढंच सांगितलं तर तुम्हाला पुढच्या गुरुवारचा नंबर मिळेल.

श्रोत्यांचे प्रश्न

*मोबाईलनं डोळे जातात का?*

जात नाहीत, कोरडे पडतात. पडद्याकडे टक लावून बघताना आपण पापण्या मिटायचंच विसरतो. त्यामुळं खुपतं, जळजळतं, आणि गंमत म्हणजे पाणीही येतं. दर वीस मिनिटांनी वीस फूट लांब वीस सेकंद बघा, पापण्या मिटा. लहान मुलांचं वेगळं. त्यांना सतत जवळचं बघून उणे नंबर लागतो आणि वाढतो. रोज दोन तास मोकळ्या उजेडात खेळलं तर तो लागण्याची शक्यता कमी होते.

*मोतीबिंदू पिकू द्यावा म्हणतात, खरं का?*

जुन्या शस्त्रक्रियेच्या काळात त्याला अर्थ होता. आता रोजची कामं अडायला लागली, रात्री समोरच्या गाडीचे दिवे फाकायला लागले, की करून घ्यावी. फार पिकवला तर शस्त्रक्रिया अवघड होते आणि कधी दाबही वाढतो.

*माझा डावा डोळा महिनाभर लवतोय. शुभ की अशुभ?*

(हशा) चहा कमी करा आणि झोप वाढवा, बहुधा थांबेल. पण महिना म्हणजे जरा जास्तच झालं, एकदा दाखवा. डोळा पूर्ण मिटत असेल, किंवा गाल आणि ओठही सोबत ओढले जात असतील, तर लवकर दाखवा.

*घरात आधीचे थेंब उरलेले असतात, ते घातले तर?*

नाही. बाटली उघडून साधारण महिना झाला की ती टाकून द्यायची. आणि त्यात स्टेरॉइड आहे की नाही हे तुम्हाला कळणार नाही. खाज येते म्हणून वर्षानुवर्षं असे थेंब घातलेली शाळकरी मुलं मी बघितली आहेत. खाज थांबली होती, पण काचबिंदूनं नस वाळली होती. मध, गुलाबजल, दूध, तेही नको.

शेवटी एक सवय लावून घ्या. घराघरांत भिंतीवर कॅलेंडर असतं. दर महिन्याला पान उलटताना नेहमीचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून तिथीची बारीक अक्षरं वाचा आणि चौकटीच्या रेघा सरळ दिसतात का बघा. दोन्ही डोळ्यांनी सारखं दिसलं तर पान लावा आणि कामाला लागा. मागच्या महिन्यापेक्षा वेगळं दिसलं, तर दुखायची वाट बघू नका. सणवार संपायचीही नको.